शंकेचा कैवारी : रेजिनाल्ड रोझ

1950 साली अमेरिकेतील शंभर घरांपैकी जेमतेम नऊ घरांत टेलिव्हिजनचा संच होता, आणि 1955 साल उजाडले तेव्हा हे प्रमाण जवळजवळ दोन तृतीयांशावर गेले होते. एवढ्या अल्पावधीत गोळा झालेल्या एवढ्या अफाट प्रेक्षकवर्गाला रोज काही ना काही दाखवण्याची जबाबदारी ज्या प्रक्षेपण कंपन्यांवर येऊन पडली, त्यांच्यापाशी दाखवण्याजोगा ऐवज मात्र फारच थोडा होता. हॉलिवूडच्या मातबर चित्रसंस्था या नव्या प्रतिस्पर्ध्याला आपले चित्रपट देण्यास राजी नव्हत्या, चित्र फितीवर मुद्रित करण्याचे तंत्र अद्याप बाजारात आलेले नव्हते, आणि म्हणून न्यूयॉर्कच्या रंगभूमीच्या शेजारी, तेथलेच नट आणि तेथलेच तरुण लेखक हाताशी धरून, दर आठवड्याला नवी नाटके लिहवून घेण्याचा आणि ती जशी घडतील तशी थेट देशभर दाखवण्याचा एक विलक्षण उद्योग सुरू झाला. सीबीएस कंपनीचे काही स्टुडिओ तर ग्रँड सेंट्रल या रेल्वेस्थानकाच्या इमारतीत थाटलेले होते. तेथे नट वाक्य विसरला तर ते विसरणे लाखो घरांत पोहोचत असे, आणि एका रात्री सादर झालेले नाटक दुसऱ्या दिवशी नाहीसे होत असे. या धांदलीतून पॅडी चायेफ्स्की, रॉड सर्लिंग, हॉर्टन फूट अशी नाटककारांची एक पिढीच उभी राहिली. तिच्यातील रेजिनाल्ड रोझ या लेखकाचा विचार येथे करावयाचा आहे, कारण एकच नैतिक प्रश्न आयुष्यभर उराशी बाळगून तो नाना रूपांनी जनतेपुढे मांडणारा लेखक म्हणून त्याची योग्यता, माझ्या मते, या सर्वांत आगळी आहे.

रोझचा जन्म 10 डिसेंबर 1920 रोजी न्यूयॉर्क शहरातील मॅनहॅटन भागात झाला. सिटी कॉलेजातील शिक्षण अर्धवट सोडून तो मिळेल ते काम करू लागला, महायुद्धात लष्करात भरती होऊन फिलिपाइन्स व जपान येथे नोकरी बजावून 1946 साली लेफ्टनंटच्या हुद्द्यावरून मोकळा झाला, आणि परतल्यावर जाहिरातींचा मजकूर लिहिण्याच्या व्यवसायात शिरला. जाहिरातवाल्यांच्या दप्तरात काढलेली ही वर्षे वाया गेली असे म्हणता यावयाचे नाही. थोडक्या शब्दांत नेमके बोलण्याची शिस्त त्याला तेथे लागली, आणि ज्यांच्या पैशावर टेलिव्हिजन चालत होते त्या व्यापाऱ्यांच्या मनात कोणती भीती वसत असते, याचाही अंदाज त्याला तेथेच आला असला पाहिजे. पहिली संहिता 1951 च्या सुमारास विकली गेली, आणि लवकरच तो वेस्टिंगहाउस या विजेची उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने पुरस्कृत केलेल्या ‘स्टुडिओ वन’ या साप्ताहिक नाट्यमालेसाठी नियमितपणे लिहू लागला.

या मालेतील नाटक तासाभराचे असे, आणि त्यातून जाहिरातींचा वेळ वजा जाता लेखकाच्या वाट्याला सुमारे पन्नास मिनिटे उरत. तीन अंक, मोजकी पात्रे, दोन-तीन दालने, आणि त्या दालनांमधून जाड केबली ओढीत फिरणारे अवजड कॅमेरे, एवढ्या सामग्रीत त्याला सारे बसवावे लागे. समुद्र, रणांगण, गर्दीचा बाजार यांपैकी काहीच दाखवता येत नसल्यामुळे मनुष्याचा चेहरा हीच रंगभूमी मानावी लागली, आणि चेहऱ्यावर जे उमटते ते मनातील द्वंद्व असल्यामुळे या नाटकांचा ओढा आपोआपच अंतर्मुखतेकडे गेला. इतरांनी या साधनाचा उपयोग एकाकी माणसाची व्यथा सांगण्यासाठी केला. रोझला मात्र जमावातला माणूस दिसला. शेजारी, सहकारी, नागरिक म्हणून एकत्र आलेली साधी माणसे एखाद्यास दोषी ठरवताना कशी वागतात, हे त्याला जवळून न्याहाळावयाचे होते. 1954 च्या जानेवारीत सादर झालेल्या त्याच्या एका नाटकात शाळेतील मुले आपल्या सोबत्याच्या मृत्यूबद्दल शाळेच्या शिपायावर लुटुपुटूचा खटला भरतात, आणि तो चालता चालता दोषाचा वाटा हळूहळू गावातील प्रत्येक वडीलधाऱ्याच्या पदरात येऊन पडतो.

त्यानंतर दोनच महिन्यांनी आलेल्या ‘थंडर ऑन सिकॅमोर स्ट्रीट’ या नाटकाचा इतिहास काहीशा विस्ताराने सांगितला पाहिजे. शिकागो शहराला लागून असलेल्या सिसरो या गावी 1951 च्या जुलैत एक निग्रो कुटुंब गोऱ्यांच्या वस्तीत राहावयास आले असता हजारोंच्या जमावाने त्या इमारतीवर हल्ला चढवला, सामानसुमान खिडक्यांतून फेकून जाळले, आणि अखेर राज्याच्या सैन्यदलास पाचारण करावे लागले. या घटनेने अस्वस्थ होऊन रोझने नाटक योजले, त्याचा आराखडा सादर केला, आणि तो पसंतही पडला. पण नवा शेजारी निग्रो असण्यास मात्र हरकत घेण्यात आली, कारण दक्षिणेकडील राज्यांतील प्रेक्षक दुखावतील आणि त्यांचा रोष पुरस्कर्त्याच्या मालावर निघेल, असे भय प्रायोजक व कंपनी या उभयतांस वाटत होते. रोझपुढे दोन मार्ग होते : नाटक मागे घ्यावे, किंवा पात्र बदलावे. त्याने पात्र बदलले. नवा शेजारी जोसेफ ब्लेक हा तुरुंगातून शिक्षा भोगून सुटलेला मनुष्य ठरला.

एवढेच झाले असते तर ही एका लेखकाच्या माघारीची हकीकत म्हणून आपण सोडून दिली असती. परंतु रोझने रचनेत एक योजना केली. एकाच रस्त्यावरील एकसारख्या तीन घरांत, संध्याकाळचा तोच तो अवधी त्याने तीन अंकांत तीनदा दाखवला : पहिल्या घरात मोर्चाची तजवीज करणारा म्होरक्या, दुसऱ्या घरात मन कचरत असूनही लोकलज्जेस्तव त्यात सामील होणारा आर्थर हेज हा भिडस्त गृहस्थ, आणि तिसऱ्या घरात ज्यांच्यावर हे सारे चालून येणार ते कुटुंब. शेजाऱ्यांना ब्लेक का नकोसा झाला आहे, याचा खुलासा त्याने शक्य तितका लांबवला. परिणाम असा झाला की, उत्तर मिळेपर्यंत प्रत्येक प्रेक्षकाने ती रिकामी जागा स्वतःच्या मनाने भरून काढली. कोणास तो निग्रो वाटला, कोणास ज्यू, कोणास प्वेर्तो रिकोहून आलेला, कोणास कम्युनिस्ट. अखेरीस दगड भिरकावले जात असताना हेज घोळक्यातून बाहेर पडतो आणि ब्लेकच्या शेजारी जाऊन उभा राहतो. मनाई झाली तीच युक्तीची जननी ठरली. तथापि या विजयाची किंमतही नजरेआड करू नये. ज्यांच्यावर सिसरो येथे प्रत्यक्ष अन्याय झाला, त्यांचा चेहरा त्या रात्री अमेरिकेच्या पडद्यावर दिसला नाही तो नाहीच.

त्याच सुमारास रोझला न्यूयॉर्कच्या एका फौजदारी न्यायालयाकडून ज्यूरीच्या कामासाठी बोलावणे आले. खटला सदोष मनुष्यवधाचा होता. भव्य दालन, लाकडी तक्तपोशी, झग्यातील न्यायाधीश, साक्षीदारांच्या जबान्या या साऱ्यांचे गांभीर्य त्याच्या मनावर ठसले. परंतु त्याहूनही खोल ठसा उमटला तो दार लोटून घेतल्यानंतर बारा अपरिचित माणसांत आठ तास चाललेल्या कडाक्याच्या वादाचा. खटल्याच्या दालनात जे घडते ते सर्वांना दिसते, वर्तमानपत्रांत छापून येते, कोर्टाच्या कागदावर कायम राहते. निकाल मात्र ज्या खोलीत ठरतो तिची कैफियत कोठेच नोंदली जात नाही. नाटककाराला अशी जागा सापडणे हे भाग्यच म्हटले पाहिजे, कारण एक खोली, एक मेज, बारा खुर्च्या आणि सुटण्याची मुभा नसलेली बारा माणसे ही सामग्री त्या चिमुकल्या स्टुडिओला जशी काय मापून दिलेली होती.

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हे नाटक 20 सप्टेंबर 1954 रोजी फ्रँकलिन शॅफनर यांच्या दिग्दर्शनाखाली थेट प्रक्षेपित झाले. वस्तीतल्या एका गरीब पोरावर बापाच्या खुनाचा आरोप आहे, शिक्षा देहान्ताची आहे, आणि पहिल्याच मतदानात अकरा जण ‘दोषी’ म्हणतात, एक जण म्हणतो ‘नाही’. हा एकटा मनुष्य मुलाच्या निर्दोषपणाची ग्वाही देत नाही, हीच या नाटकातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. आपल्याला ठाऊक नाही, एवढेच तो म्हणतो. एका जिवाला मृत्यूच्या स्वाधीन करण्यापूर्वी थोडे बोलावे, एवढीच त्याची विनंती असते. सत्य गवसलेला वीर एकाकी झुंज देऊन जगाला जिंकतो, अशी कथा लिहिणे तुलनेने सोपे असते. रोझने उभा केलेला माणूस सत्याचा दावा करीत नाही, तो वाजवी शंकेचा हक्क बजावतो, आणि त्यापायी अकरा जणांची खप्पामर्जी ओढवून घेतो. पडदा पडेपर्यंत तो मुलगा खरोखर निर्दोष होता की नव्हता हे आपल्याला कळत नाही. लेखकाने ते मुद्दामच कळू दिलेले नाही.

या नाटकाचा सारा डोलारा कायद्याच्या एका कलमावर उभा आहे, तो म्हणजे निकाल एकमतानेच झाला पाहिजे हा नियम. आपल्याकडे जेथे जेथे ज्यूरीची पद्धत होती तेथे सेशन कोर्टात बहुमताचा कौल चालत असे. मुंबईत 1959 साली गाजलेल्या नानावटी खटल्यात नऊ पंचांनी आठ विरुद्ध एक अशा मतांनी आरोपीस निर्दोष ठरवले, तो निकाल अविवेकाचा वाटून सेशन न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले, आणि तेथे शिक्षा झाली. मुंबईच्या त्या नियमाने चालते तर रोझचे नाटक पाच मिनिटांत आटोपले असते. एकमताची सक्ती असल्यामुळेच अकरांना एकाचे ऐकून घेणे भाग पडते, आणि ऐकता ऐकता एकेकाचा पूर्वग्रह उघडा पडत जातो : कोणास सामना पाहावयास जाण्याची घाई आहे, कोणास त्या वस्तीतल्या साऱ्यांचाच तिटकारा आहे, आणि सर्वांत शेवटी शरण येणारा तिसरा पंच त्या आरोपी पोरात आपल्याला सोडून गेलेल्या स्वतःच्या मुलाला पाहत असतो. पात्रांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. नाव नसले तरी मनुष्य ओळखता येतो, हे रोझने आवाजाच्या चढउतारांतून, शब्दांच्या निवडीतून आणि रागाच्या निरनिराळ्या जातींतून सिद्ध केले.

1954 हे साल अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून सेनेटर मॅकार्थी यांनी चालवलेल्या चौकश्यांचे होते. आरोप हाच पुरावा मानला जात होता, आणि संशयिताच्या बाजूने शब्द काढणारा स्वतःच संशयित ठरत होता. नाटकात या प्रकरणाचा उल्लेख नाही. परंतु त्या सप्टेंबरात ते पाहणाऱ्यास एकट्या उठलेल्या हाताचा अर्थ समजावून सांगण्याची गरज भासली नसेल. रोझ, शॅफनर आणि प्रमुख नट रॉबर्ट कमिंग्ज या तिघांनाही त्या वर्षाचे एमी पारितोषिक मिळाले. पुढे मात्र त्या प्रक्षेपणाची प्रतच नाहीशी झाली. संचाच्या पडद्यावरील चित्र चित्रपटाच्या कॅमेऱ्याने टिपून ठेवण्याची त्या काळी जी रीत होती, तिच्यानुसार काढलेल्या प्रतीचा केवळ पूर्वार्ध उपलब्ध होता, आणि संपूर्ण प्रत 2003 साली सॅम्युएल लाइबोविट्झ या नामवंत वकील व न्यायाधीशाच्या संग्रहात सापडली, तोवर रोझला जग सोडून एक वर्ष लोटले होते.

अभिनेता हेन्री फोंडा याने या कथेवर चित्रपट काढण्याचे मनावर घेतले, आणि तो व रोझ असे दोघे निर्माते झाले. दिग्दर्शनासाठी त्यांनी निवडलेल्या सिडनी ल्यूमेट या टेलिव्हिजनवर वाढलेल्या तरुणाचा हा पहिलाच चित्रपट होता. खर्च सुमारे साडेतीन लाख डॉलर, चित्रण तीन आठवड्यांच्या आत, लांबी शहाण्णव मिनिटे. पन्नास मिनिटांच्या मूळ नाटकात ज्यांना जेमतेम उभे राहण्यापुरती जागा होती त्या पंचांना रोझने आता पूर्वायुष्य दिले, आणि पुराव्याची छाननी अधिक बारकाईने मांडली. खुनाचे हत्यार म्हणून पुढे केलेला खटक्याचा चाकू असामान्य आहे असे सारे म्हणत असताना तो एकटा असहमत असलेला आठवा पंच खिशातून हुबेहूब तसाच दुसरा चाकू काढून मेजात रोवतो. लंगडा म्हातारा साक्षीदार पंधरा सेकंदांत दारापर्यंत पोहोचला असेल काय, हे तो खोलीत स्वतः पाय ओढीत चालून मोजतो. आणि शेवटी, नाकाच्या दोन्ही बाजूंस पडलेल्या चष्म्याच्या वळांवरून, मध्यरात्री अंथरुणातून खून पाहिल्याचे सांगणाऱ्या बाईची साक्ष ढासळते. यांतील एकही गोष्ट असाधारण बुद्धीची नाही, आणि त्यातच लेखकाचे कसब आहे. जे साऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते त्याकडे पाहण्याची तसदी कोणी घेतलेली नव्हती.

ल्यूमेट यांनी योजलेली कॅमेऱ्याची भाषाही ध्यानात घेण्याजोगी आहे. आरंभी कॅमेरा नजरेच्या पातळीहून उंच असतो, मध्यभागात तो नजरेच्या रेषेत येतो, आणि शेवटच्या भागात इतका खाली उतरतो की छत दिसू लागते. भिंगेही क्रमाने अशी बदलत जातात की भिंती आत सरकत आल्याचा भास व्हावा. खर्च वाचावा म्हणून एका खुर्चीकडे प्रकाश लावला की त्या बाजूची सारी दृश्ये, कथेतील क्रम न पाहता, एकदमच उरकली जात. त्यामुळे परस्परांवर तुटून पडणारे दोन नट पुष्कळदा निरनिराळ्या दिवशी, समोर प्रतिपक्षी बोलत आहे असे मानून, आपला संताप व्यक्त करीत होते. 1957 साली चित्रपट प्रदर्शित झाला, बर्लिनच्या महोत्सवात सर्वोच्च मान मिळवता झाला, तीन ऑस्करांसाठी त्याचे नाव पुढे आले आणि तिन्ही ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ घेऊन गेला; तिकीट खिडकीवर तर त्याला अपयशच आले.

कायदेपंडितांनी या कथेवर घेतलेला आक्षेप खरा आहे. ज्यूरीतील पंचाने बाजारात जाऊन स्वतः पुरावा विकत आणणे हा उघड नियमभंग आहे, आणि साक्षीबाहेरचे तर्क लढवणे हेही त्याच्या अधिकारात बसत नाही. महाविद्यालयात असताना हा चित्रपट पाहून कायद्याच्या व्यवसायाबद्दल उमेद वाटली असे ज्यांनी जाहीरपणे सांगितले, त्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती सोनिया सोतोमायोर यांनीच, खालच्या न्यायालयात असताना आपण पंचांना या चित्रपटाचे अनुकरण करू नका असे बजावीत असू, हेही सांगितले आहे. या दोन विधानांत मला विरोध दिसत नाही. रोझने न्यायाची वृत्ती दाखवली, कामकाजाचा वस्तुपाठ देण्याचा त्याचा हेतू नव्हता.

1957 साली ‘स्टुडिओ वन’वर दोन भागांत आलेल्या त्याच्या एका नाटकातून ‘द डिफेंडर्स’ ही मालिका जन्मास आली आणि 1961 पासून 1965 पर्यंत सीबीएसवर चालली. बाप आणि लेक, दोघेही बचाव पक्षाचे वकील. बाप कायद्याची मर्यादा जाणणारा, लेक ती मर्यादा पाहून तळमळणारा. या वकिलांचे सारेच अशील निर्दोष नसत, आणि सारेच सुटतही नसत, ही त्या वेळी टेलिव्हिजनवर अपूर्व गोष्ट होती. 1962 साली गर्भपात करणाऱ्या डॉक्टरवरील खटल्याचा भाग जाहीर होताच नेहमीच्या तिन्ही जाहिरातदारांनी अंग काढून घेतले. तेव्हा कंपनीने दुसरा पुरस्कर्ता शोधून तो भाग दाखवला. सिकॅमोर स्ट्रीटच्या वेळी लेखकाला माघार घ्यावी लागली होती. आठ वर्षांनंतर जाहिरातदाराने माघार घेतली. तो भाग रोझने स्वतः लिहिला नव्हता, परंतु तसे लिहिण्यास इतरांना धीर यावा अशी जागा त्याने निर्माण केली होती. या मालिकेने त्याला आणखी दोन एमी मिळवून दिले.

पुढील वर्षांबद्दल थोडक्यात सांगितले तरी चालेल. दक्षिणेतील शाळांमधील वर्णभेदावरचे त्याचे ‘ब्लॅक मंडे’ हे नाटक 1962 साली न्यूयॉर्कच्या एका लहान नाट्यगृहात आले आणि फार टिकले नाही. थेट नाटकांचा जमाना एव्हाना संपला होता, टेलिव्हिजनचे बस्तान हॉलिवूडला हलले होते, आणि रोझ चित्रपटांसाठी साहसकथा लिहू लागला. त्यांपैकी 1980 सालचा ‘द सी वुल्व्हज’ गोव्याच्या इतिहासाशी निगडित आहे : 1943 च्या मार्चमध्ये तटस्थ पोर्तुगीज सत्तेखालील मुरगाव बंदरात आसऱ्यास राहिलेल्या ‘एहरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर कलकत्त्याच्या ‘लाइट हॉर्स’ या हौशी पलटणीतील प्रौढ गोऱ्यांनी घातलेल्या गुप्त छाप्याची ती कथा असून तिचे चित्रणही गोव्यात झाले. त्या कालखंडातील त्याचे खरे मोलाचे लेखन म्हणजे नाझींच्या सोबिबोर छळछावणीतील कैद्यांच्या उठावावर 1987 साली त्याने लिहिलेला टेलिव्हिजनपट.

बारा पंचांची कथा मात्र लेखकाला मागे ठेवून देशोदेशी फिरत राहिली. रणजित कपूर यांच्या हिंदी रंगावृत्तीवरून बासू चटर्जी यांनी 1986 साली ‘एक रुका हुआ फैसला’ हा चित्रपट केला, तेव्हा 1973 च्या फौजदारी संहितेत ज्यूरीला जागाच उरली नव्हती. तरीही पंकज कपूर यांचा चिडका, दुखावलेला बाप आपल्या प्रेक्षकांना परका वाटला नाही. अमेरिकेत 1997 साली नव्याने टेलिव्हिजनपट निघाला, त्यासाठी शहात्तर वर्षांच्या रोझने स्वतः संहिता पुन्हा हाती घेतली. 1954 साली सारे पंच गोरे होते. आता त्यांत चार काळे होते, आणि ज्याच्या तोंडी सर्वांत विखारी जातिद्वेष घातला तो दहावा पंच रोझने त्या चौघांपैकी एक ठरवला, ज्याचा राग होता तो स्पॅनिश बोलणाऱ्या नव्या स्थलांतरितांवर. पूर्वी एका निग्रो कुटुंबाला आपल्या नाटकात जागा मिळवून देऊ न शकलेल्या या लेखकाने, साधन हाती येताच, पीडितांना केवळ पीडित म्हणून उभे केले नाही. इतर अकरांइतकाच अविचार करण्याची, आणि त्याबद्दल इतर अकरांइतकाच जाब देण्याची पात्रता त्याने त्यांनाही बहाल केली.